हवेचं भाडं ठरवणारी आमची छटाक

माझी भाची जन्मली तेव्हा इतकी लहानखुरी होती, की सुईणीने तिला ओंजळीत धरून बाहेर आणलं आणि म्हणाली, घ्या, छटाकभर पोरगी झाली. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती बापापेक्षा उंच झाली, भरपूर शिकली, मोठ्या सरकारी कचेरीत लागली, लग्न झालं, लेक झाली, पण आमच्यात ती अजून छटाकच. कचेरीत तिला सगळे मॅडम म्हणतात. एकदा मी तिथे फोन लावून विचारलं, "छटाक आहे का?" तर पलीकडचा माणूस म्हणाला, "आजोबा, हे वाण्याचं दुकान नाही."

ती काम काय करते, हे लोकांना समजावून सांगताना मला फार गंमत वाटते. आमच्या इमारतीखाली बाकावर म्हाताऱ्यांची बैठक असते. तिथे एक निवृत्त ओव्हरसियर येतो. या गृहस्थाला जगात कशाचंच नवल वाटत नाही. त्याला मी म्हटलं, माझी भाची हवेचं भाडं ठरवते. तर म्हणाला, मग उद्या सावलीचंही ठरवा म्हणावं. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या खिशातला फोन काय तार लावून वाजतो? हवेतून लहरी येतात. सरकार प्रत्येक मोबाइल कंपनीला त्या लहरींचा एकेक पट्टा नेमून देतं. नाहीतर याचं बोलणं त्याच्यात घुसेल, एकाच गल्लीत दोन भाजीवाले एका वेळी ओरडावेत तसं. कागदोपत्री त्याला स्पेक्ट्रम म्हणतात. पट्टा वापरायचा तर वर्षाचं भाडं भरायचं, आणि ते भाडं किती हे ठरवणाऱ्या कचेरीत आमची छटाक. ओव्हरसियरने खिशातून फोन काढून उलटसुलट बघितला. मग म्हणाला, माझा फोन स्वयंपाकघरात लागत नाही, तेवढं भाडं मला परत कोण देणार? याचं उत्तर मला आलं नाही. घरी जाऊन छटाकला विचारलं, तर तिलाही आलं नाही.

आणि हवेवर सरकारने पैसे घेतले तर त्यात बिघडलं काय? आम्ही गावात शिकत होतो तेव्हा रेडिओलाही परवाना लागायचा. गावात रेडिओ एकच, पिठाच्या गिरणीवाल्याकडे, आणि त्याने परवान्याचे पैसे भरायचे सोडून दिलेले. एक दिवस पोस्टमास्तर तपासणीला दारात हजर. गिरणीवाल्याच्या बायकोने झटकन रेडिओ उचलून धान्याच्या कणगीत टाकला, वरून झाकण ठेवलं, पण घाईत बंद करायचा राहिला. पोस्टमास्तर खाटेवर बसून चहा घेतायत आणि कणगीतून एक बाई हवामानाचा अंदाज सांगतेय. पोस्टमास्तरांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, तुमचं धान्य फार शिकलेलं दिसतंय. दंड ठोकला आणि गेले. तेव्हा हवेचं भाडं बुडवणं ही कला जुनी आहे. मोबाइल कंपन्यांनी फक्त कणगी मोठी केली.

पण मी सांगत होतो छटाकचं. मी सांगायला लागलो की एका गोष्टीतून दुसरी निघते, असं आमची ही म्हणते. तिचंही खरं आहे.

छटाककडे जे काम आलं ते जुन्या पट्ट्यांचं. मोबाइल विटेएवढा होता आणि फक्त ठेकेदारांच्या नि डॉक्टरांच्या हातात दिसायचा, त्या काळात सरकारने उत्तमातले उत्तम पट्टे एका कंपनीला जवळजवळ फुकटात देऊन टाकले. उत्तम म्हणजे ज्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात त्या. पुढे फोन घरोघरी झाले. नवे पट्टे लिलावात निघाले तेव्हा कंपन्यांनी पैशांच्या राशी ओतल्या, आणि ही जुनी कंपनी मात्र आपली जुन्याच भाड्यात मजेत. शेजारच्या घराचं भाडं दसपट झालं आणि हा भाडेकरू आजोबांच्या वेळचं भाडं मोजतोय, तसलाच प्रकार. शेवटी वरून हुकूम निघाला की जुन्या पट्ट्यांनाही बाजारभावाने भाडं लावा. हुकूम एका ओळीचा. आता घोडं कुठे पेंड खातं बघा. ते पट्टे बाजारात कधी आलेच नव्हते, तर त्यांचा बाजारभाव आणायचा कुठून? ते छटाकने शोधायचं.

या कामासाठी तिला तात्पुरतं म्हणून इकडे राजधानीच्या कचेरीत आणलं. तिचं घर अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. तिच्या नवऱ्याचं तिथे चष्म्याचं दुकान आहे. आमचे जावईबापू अतिशय शांत गृहस्थ. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून "हे बरं की हे?" असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत न कंटाळता थांबायचं, असा त्यांचा धंदा. लेक तिकडेच, बापाजवळ, तिसरीत. छटाक इकडे आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. आम्हाला आनंदच झाला. मी आयुष्यभर दुधाची गाडी चालवली, निवृत्त झाल्यावर आम्ही दोघंच भिंतींशी बोलत बसायचो. घरात तिसरं माणूस आलं म्हटल्यावर मला ऐकणारे कान मिळाले. तिला काय मिळालं ते विचारू नका.

तिच्या गावात याच खात्याचं एक तपासणी केंद्र आहे. छतावर जाळीदार छत्री लावलेली एक पांढरी गाडी घेऊन हिंडायचं आणि कुणाच्या लहरी कुणाच्या पट्ट्यात घुसतात ते हुडकून काढायचं, हे तिथलं काम. त्या केंद्राच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. छटाकला ती हवी होती. पद तेवढंच, पण संध्याकाळी घर. तिच्या साहेबांनी सांगून ठेवलं, जुन्या पट्ट्यांचा दर लागला की बदलीच्या कागदावर सही करतो. झालं. तेव्हापासून तिच्या लेखी तो नुसता दर राहिला नाही. तिच्या घराची किल्ली त्या दरात जाऊन बसली.

हे साहेब म्हणजे एक वल्लीच. त्यांना काहीही सांगा, "ठीक आहे" म्हणतात. छताला ओल आली, ठीक आहे. मंत्रिसाहेब चिडले, ठीक आहे. सबंध कचेरी त्यांना मागून 'ठीक आहे साहेब' म्हणायची, आणि हे त्यांना कळलं तेव्हाही ते ठीक आहेच म्हणाले असतील.

छटाक एकदा चष्मा घरी विसरली म्हणून मी तो पोचवायला गेलो, तेव्हा तिची खोली बघितली. लोखंडी कपाटांच्या दोन रांगांमधून वाट काढत टेबलापर्यंत जायचं. खिडकी होती, पण तिच्यासमोर पुन्हा कपाट. टेबलावर संगणक आणि त्यात आकड्यांचा तक्ता, इतका रुंद की एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाता जाता मूळ प्रश्न विसरावा. आणि सगळ्यात मजा म्हणजे, सबंध देशाच्या लहरींचा कारभार बघणाऱ्या त्या कचेरीत मोबाइल लागत नाही. भिंती जाड. फोन करायचा तर जिन्याच्या मधल्या वळणावर खिडकीला कान लावून उभं राहायचं. मी इतका हसलो की शिपायाने मला पाणी आणून दिलं. छटाकला हसू आलं नाही. ती रोज दुपारी लेक शाळेतून आली की त्या वळणावर उभी राहून तिच्याशी बोलायची. दुसऱ्यांची पोरं विचारतात, आई, काय आणशील? ही पोर विचारायची, "आई, दर लागला का?"

दर काही लागेना. छटाकने एक आकडा काढला की जुनी कंपनी लिहायची, फार जास्त आहे, आमचं दिवाळं निघेल. ज्या कंपन्यांनी लिलावात घाम गाळून पट्टे घेतले होते त्या लिहायच्या, फार कमी आहे, आम्ही काय मूर्ख म्हणून पैसे मोजले? आणि सगळ्यांची उत्तरं यायची ती मुदत संपायला घटकाभर उरली की. त्याआधी चिटपाखरू नाही. मग धबधबा. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायचं असा नियम. उत्तरं देऊन होतायत तोवर परदेशात कुठेतरी नवा लिलाव व्हायचा आणि कुणीतरी लिहायचं, तिकडचा भाव बघा. की पुन्हा तक्ता उघडा. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात आयुष्य चाललंय माझं, असं ती म्हणायची आणि कांदा असा चिरायची की आमची ही घाबरून विळी काढून घ्यायची.

एका संध्याकाळी ती फारच वैतागून आली. जेवायला बसेना. मी विचारलं, नेमकं अडलंय तरी कुठे, मला समजेल असं सांग. तर तिने सांगितलं ते असं. लिलावात जुन्या पट्ट्यासारखा, म्हणजे लांब जाणाऱ्या लहरींचा एक पट्टा विकला गेला होता. त्याच्यावरून भाव काढता आला असता. पण विकत घेणाऱ्या कंपनीने तो एकटा घेतलाच नव्हता. त्याच्याबरोबर जवळच जाणाऱ्या लहरींचा एक पट्टा, आणि दोन्हींची मिळून एकच रक्कम. त्या रकमेत याचे किती नि त्याचे किती, हे घेणाऱ्यालाही माहीत नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या गायीचं झालं. माझ्या वडिलांनी बाजारातून गाय आणि वासरू एकाच रकमेत आणलं होतं. घरी आल्यावर काका म्हणाले, वासरू मला दे, त्याचे पैसे देतो. वडील म्हणाले, अर्धे दे. काका म्हणाले, वासराचे कुणी अर्धे देतं का? ते गायीमागे फुकट येतं. वडील म्हणाले, फुकट असेल तर वासराशिवाय हिचं दूध काढून दाखव. दोघं सख्खे भाऊ, पण बोलणं बंद. भांडण इतकं लांबलं की वासराला शिंगं फुटली. शेवटी बाजारातल्या एका म्हाताऱ्या दलालाने सांगितलं, त्या दिवशी नुसती गाय मागणारं कोण आलं होतं? तो कुठपर्यंत चढला आणि कुठे मागे फिरला ते विचारा. नुसतं वासरू कुणी मागितलं होतं का, तेही विचारा. घेणाऱ्याला किंमत सांगता येत नसेल, पण हरलेल्याला बरोबर सांगता येते. तसं विचारलं, गायीचा अंदाज निघाला, राहिले ते वासराचे. तोवर काका म्हणाले, एवढं मोठं वासरू मला नको.

छटाक माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मामा, मी इतके दिवस हेच करतेय. लिलावात हरलेल्यांच्या बोल्या घेऊन दोघांची किंमत वेगळी काढली. सगळा तक्ता त्याचाच आहे."

मी खूष झालो. आमच्या हिने लगेच टोकलं, उगाच फुगू नका, तिने ते आधीच केलेलं आहे. फुगायला काय लागतं? मी आपला फुगलो.

मग अडलंय कुठे? तर अडलं होतं दुसरीकडेच. दर पक्का करण्याआधी एक कागद काढायचा असतो. त्यात आम्ही असं असं करणार आहोत, तुमचं काय म्हणणं, असे प्रश्न विचारून सगळ्यांची मतं मागवायची असतात. छटाकने त्यात एक प्रश्न घातला होता, की दोन पट्ट्यांची किंमत आम्ही अशा रीतीने वेगळी केली, ही रीत बरोबर आहे का? ठीक आहे साहेबांनी तो काढून टाकला. त्यांचं म्हणणं, जितके प्रश्न तितकी उत्तरं, आणि जितकी उत्तरं तितका उशीर. ती म्हणाली, साहेब, हाच तर मुख्य प्रश्न आहे. साहेबांनी तिच्याकडे बघून विचारलं, "घरी जायची घाई तुम्हालाच आहे ना?" यावर ती कागद उचलून आपल्या टेबलाशी परतली. कागद त्या प्रश्नाविनाच गेला, आणि ते तिला आत कुठेतरी टोचत होतं. मी म्हटलं, गेला ना कागद? आता दर लागेल, तू घरी जाशील. ती म्हणाली, हो. पण जेवली नाही.

दर जाहीर व्हायच्या आधी एक जाहीर सुनावणी होती. जाहीर म्हणजे कुणीही यावं. मी म्हटलं, मग मी येणार. दारावरच्या रखवालदाराने वही पुढे केली आणि विचारलं, आजोबा, कोणत्या कंपनीकडून? मी म्हटलं, मामाकडून. तो विचारात पडला, कारण तिथे जनतेतला माणूस कधी आलेलाच नव्हता. शेवटी त्याने 'इतर' असं लिहून मला आत सोडलं.

लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, काळ्या कोटातली माणसं. माइक सारखा शिट्टी मारत होता. लहरींच्या कचेरीतला माइक, आणि शिट्टी मारतोय. मी मागच्या रांगेत बसून हसू दाबत होतो. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. कुणीतरी वाचायचं, बाकीच्यांनी घड्याळाकडे बघायचं, ठीक आहे साहेबांनी ठीक आहे म्हणायचं. छटाकने त्या दिवशी चांगली साडी नेसली होती. तिच्या मते त्या दिवशी ती मोकळी होणार होती.

मग जुन्या कंपनीचे वकील उठले. आवाज अगदी मऊ, सायीसारखा. म्हणाले, आमच्या पट्ट्याचं भाडं आपण लिलावावरून काढलंत. पण लिलावात दोन पट्टे एका रकमेत गेले होते. मग आमच्यासारख्या पट्ट्याची वेगळी किंमत आपण काढलीत कशी?

साहेब म्हणाले, "पद्धतशीर."

"कोणती पद्धत?"

"मान्य असलेली."

"कोणाला मान्य असलेली?"

साहेब पाणी प्यायले. खोलीत खुर्च्या करकरल्या. आणि आमची छटाक उभी राहिली. तिला ते सहनच होईना. वर्ष घालवून केलेलं काम, चोख केलेलं, आणि त्याच्याविषयी कुणी मान्य-अमान्याचा घोळ घालत बसावं! तिने माइक बाजूला सारला आणि सरळ सांगितलं. बाजारातून गाय आणि वासरू एका रकमेत आणलं, इथून सुरुवात करून, हरलेल्यांना कसं विचारायचं, नुसत्या गायीला कोण कुठपर्यंत चढलं, नुसत्या वासराला कोण, आणि त्यावरून आकडा कसा उतरतो, हे सगळं. माझी गोष्ट, पण काय सांगितली म्हणून सांगू! चहाचे कप घेऊन आलेला माणूस दारातच थांबला. काळे कोट पुढे वाकले. मी डावीकडच्या माणसाला कोपराने ढोसून सांगितलं, गाय आमची आहे.

वकिलांनी मान डोलावली. म्हणाले, "फार सुंदर. इतकं स्वच्छ आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम, एवढंच दाखवा, आमची मतं मागवलीत त्या कागदात ही गाय कितव्या पानावर आहे?"

छटाकने साहेबांकडे बघितलं. साहेब पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते, त्यात मासा असावा तसे. तिला वाटलं असतं तर तिथेच सांगता आलं असतं की प्रश्न कुणी काढला. तिने नाही सांगितलं. म्हणाली, "त्या कागदात नाही."

"म्हणजे यावर बोलायची संधी आम्हाला मिळालीच नाही."

"नाही," छटाक म्हणाली, आणि खाली बसली.

सुनावणी संपल्यावर बाहेर व्हरांड्यात साहेबांनी तिला गाठलं. मी खांबामागे होतो, लपलो होतो असं नाही, पण होतो. साहेब म्हणाले, "समजावून सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? कुणाला कळत नव्हतं तोवर सगळं ठीक होतं."

"साहेब, तो प्रश्न मी घातला होता."

"घातला होतात. मी काढला. पण मी काढला हे कुणाला ठाऊक होतं का?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. खात्याच्या कायदेवाल्यांनी त्याच संध्याकाळी मत दिलं की असा दर कोर्टात टिकणार नाही, लोकांना मुख्य रीतच विचारली नाही म्हणतील आणि मोडून टाकतील. तेव्हा आपणच मागे घ्या, नवा कागद काढा, प्रश्न घाला, पुन्हा मतं मागवा. ये रे माझ्या मागल्या. जुन्या कंपनीचं काय गेलं? ती आपली जुन्याच भाड्यात.

छटाकने दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, पद्धत आता सगळ्यांना कळली आहे, तक्ता तयार आहे, कुणीही पुढे नेईल, मला सोडा. साहेब म्हणाले, कुणीही कसं नेईल? मलाच ते गाय-वासरू काल कळलं. तेवढ्यात जुन्या कंपनीचं पत्र आलं. त्यांनी खात्याचे आभार मानून लिहिलं होतं, की पुढच्या सुनावणीतही त्याच अधिकारी मॅडमनी रीत समजावून सांगावी, म्हणजे स्पष्टता राहील. साहेबांनी ते पत्र तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, बघा, समोरची बाजूसुद्धा तुमचं कौतुक करते. त्या संध्याकाळी तिने घरी येऊन तेच तेच बोलून दाखवलं. मला जमत नसतं तर कधीच सोडलं असतं. जमतं म्हणून धरून ठेवलंय. बरं, मुद्दाम वाईट काम करायला गेलं तर तेही जमत नाही मला. आमची ही म्हणाली, काय बाई, खोटंच आजारी पड. छटाक म्हणाली, आजारी पडले तरी फोन करून गाय विचारतील.

गावच्या केंद्राची जागा रिकामी ठेवता येईना, ती दुसऱ्याला गेली. माणूस चांगला आहे म्हणे, हुशार, मेहनती. तिला त्याचाच जास्त राग आला. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्या दुपारी ती जिन्याच्या वळणावर उभी राहिली आणि लेकीने रोजच्यासारखं विचारलं. छटाकने तिला सांगितलं की दर लागला नाही, आणि लागला तरी आता आई लगेच येणार नाही. ती जागा गेली. छटाकला वाटलं फोन तुटला, म्हणून तिने खिडकीच्या आणखी जवळ कान नेला. मग पोर म्हणाली, "मग मीच येते."

जावईबापू तिला घेऊन आले. एक पेटी, दप्तर, आणि एक मोठी उशी, जिच्याशिवाय तिला झोप येत नाही. आमच्या पुढच्या खोलीत नवराबायको बोलत बसले आणि मी गॅलरीत. गॅलरी फार लांब नाही. छटाक म्हणत होती, मी माझ्या घरी जायला धडपडत होते, हिला हिच्या घरातून उपटून आणायला नाही. शाळा, मैत्रिणी, सगळं तिकडे. आणि तुम्ही? जावईबापू म्हणाले, मी दुकानावर जेवेन, रविवारी येईन. ती म्हणाली, म्हणजे तीन माणसं होतो, ती दोन आणि एक. शेवटी जावईबापूंनी आपल्या नेहमीच्या शांत आवाजात विचारलं, "तशी दोन आणि एकच होतो की. आता सांग, पोर तिकडे बरी, की इकडे बरी?"

"दोन्ही धूसर," छटाक म्हणाली.

जावईबापू गिऱ्हाइकापुढे थांबतात तसे थांबले. घाई केली नाही, दुसरं भिंगही लावलं नाही. ते असेच थांबत असतील म्हणून त्यांचं दुकान चालतं. खूप वेळाने छटाक म्हणाली, इकडे, पण वर्षापुरतंच. आणि लगेच स्वतःच म्हणाली, वर्ष कशाला म्हणतेय मी, मला काय माहीत?

तर आता आमच्याकडे पोर आहे. कोपऱ्यावरच्या शाळेत जाते. माझी खुर्ची होती तिथे तिची खाट लागली आणि मी गॅलरीत हललो. खरं सांगायचं तर मला स्वर्ग दोन बोटं उरलाय. तिला कणगीतल्या रेडिओची गोष्ट रोज लागते, आणि ती गोष्ट मी रोज वाढवून सांगतो. परवा छटाकसमोर मी असाच खदखदून हसत होतो, तर हिने मला आत बोलावून सांगितलं, अहो, तिचा संसार मोडून तुमची करमणूक झालीय, जरा बेताने. मी बेताने हसतो. पण हसू येतंच.

नवा कागद निघाला. त्यात तो प्रश्न आहे, अगदी पहिला. मतं द्यायची मुदत संपायला आली तेव्हा जुन्या कंपनीने लिहिलं, प्रश्न फार महत्त्वाचा असल्याने नीट विचार करायला आणखी वेळ मिळावा. साहेब म्हणाले, ठीक आहे.

हे छटाकने घरी येऊन सांगितलंही नाही. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी तिने पर्स खुर्चीवर टाकली, हात धुतले, लेकीला पुढ्यात बसवलं आणि तिच्या वेण्या घालायला घेतल्या. कंगवा केसांतून असा ओढत होती, की पोरीची मान दर वेळी मागे यायची. पोरीने आधी सहन केलं. मग एका हाताने आपलं डोकं धरलं आणि म्हणाली, "आई, हळू."